राजा उडत नाही

राजाच्या डोक्यावर बोट दाबून धरायचं आणि म्हणायचं, "बाई, हा चालतो. उडत नाही."

एका दुपारी चार-चार वेळा. बोट तरी केवढं, जाडजूड, नख कधीतरी चेंगरून काळं पडलेलं. तो राजा बुद्धिबळातला, लाकडाचा होता म्हणून गप्प बसला.

माझा या माणसावर राग होता आणि अजून आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी काही गोड लिहीन म्हणून वाट बघत बसू नका. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' आणि 'ड्रायव्हरसाहेब' म्हणत आले, कारण आमचा सगळा ज्येष्ठांचा संघ तेच म्हणायचा. लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे. एवढी मोकळीक मला असू द्या.

रेल्वेत इंजिन चालवायचा तो. पण गाडीच्या पुढचं नाही, मागचं. कर्जतहून लोणावळ्याला घाट चढायचा तर गाडीला मागून जादा इंजिन लावतात, ते गाडीला ढकलत वर आणतं. लोणावळ्याला ते सोडवतात आणि गाडी पुण्याकडे निघून जाते. तीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्या ढकलून वर आणल्या आणि एकाही गाडीने मागे वळून पाहिलं नाही. हे मी म्हणत नाही, तोच म्हणायचा. "नाव पुढच्याचं, जोर आमचा." मग चहाचा घोट घेऊन तोंड असं करायचा, जसं काही चहासुद्धा त्या पुढच्या ड्रायव्हरनेच केलाय.

रविवारी तुंगार्लीच्या रस्त्याला मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, हे तुम्ही पाहिलं असेल. हा त्या रस्त्याच्या मधोमध चालायचा. मागे हॉर्न वाजतायत, पोरं खिडकीतून ओरडतायत, "काका, साइड!" हा ढिम्म. एकदा मी म्हटलं, "अहो, कडेला व्हा, धक्का बसेल." तर म्हणाला, "मी लोकांना मागून ढकललंय. मला कुणी ढकललेलं चालत नाही."

असा माणूस मला बुद्धिबळ शिकवणार होता. म्हणजे ठरवलं मी नव्हतं आणि त्यानेही नव्हतं. तालुक्यातल्या ज्येष्ठांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा निघाली आणि तिचा नियम असा की तीन खेळाडूंच्या चमूत एक बाई हवीच. आमच्या संघात बायका भरपूर, पण भजनाला, सहलीला, रक्तदाब मोजायला. मोहऱ्यांची नावं माहीत असलेली मी एकटी. चिटणीस भाऊंनी भर सभेत माझं नाव घेतलं, तेव्हा कप्तान म्हणून बसलेल्या या माणसाने माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. मंडईत सगळे आंबे संपल्यावर तळाला उरलेल्या एका आंब्याकडे गिऱ्हाईक बघतं ना, तसं.

"कुणी शिकवलं?" त्याने विचारलं.

"वडिलांनी. घाटात गँगवर होते."

"गँगमन?"

"हो."

"मग देशी खेळत असणार," तो म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं देव जाणे.

माझे वडील रुळांवरचे कामगार. पावसात दरड कोसळते की काय म्हणून रुळाच्या कडेने चालत राहायचं, हे त्यांचं काम. हत्यारांच्या खोलीत बसून गँगवाले बुद्धिबळ खेळायचे. त्यांचे मोहरे म्हणजे रुळांचे टाकून दिलेले नट-बोल्ट. मोठा बोल्ट राजा, त्याहून बारका वजीर, नट म्हणजे प्यादी. निम्मे लाल रंगवलेले, निम्मे हिरवे, झेंड्याच्या दांड्यांना द्यायच्या रंगातून उरलेल्या रंगाने. त्या मोहऱ्यांवर मी शिकले. शाळा चौथीत सुटली, पण खेळ सुटला नाही. पुढे चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला अठ्ठावीस वर्षं काढली, तिथे जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना शिकवायला गेले तर त्या म्हणायच्या, "तुझं ते युद्ध ठेव बाजूला, लोणचं काढ."

आमच्या देशी खेळात आणि याच्या खेळात फरक होता. आमच्यात प्यादं एकेक घर सरकतं, याच्यात पहिल्या चालीला दोन घरं उडी. आमच्यात राजाला एका डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. याच्यात ती नाही. त्याऐवजी किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती यांनी एकाच चालीत एकमेकांना ओलांडून कोपऱ्यात जाऊन बसायचं.

पहिल्याच दिवशी मी प्यादं एक घर सरकवलं. त्याने टिचकी मारून ते दुसऱ्या घरात ढकललं. मग खेळता खेळता माझा राजा अडचणीत आला, मी सवयीने उचलला आणि उडवला. त्याने माझ्या हातातून राजा काढून घेतला, जागेवर ठेवला आणि डोक्यावर बोट दाबलं.

"हा चालतो. उडत नाही."

"आणि तुमचा हत्ती राजावरून उडी मारतो, ते चालतं?"

"ते नियमात आहे."

"आमचं पण नियमात आहे."

"तुमच्यात नियम नसतात, बाई. राजा शेळीसारखा वाटेल तेव्हा वाटेल तिकडे उडतो. अडाणी खेळ आहे तो."

खोलीत सातआठ जण होते. कुणी कॅरम खेळत होतं, कुणी पेपर वाचत होतं. सगळ्यांनी ऐकलं. मला तो काहीही म्हणाला असता तर चाललं असतं, मी काय ऐकलेलं नाही आयुष्यात? पण तो खेळ माझा नव्हता, माझ्या बापाचा होता. दिवसभर रुळांवर राबून संध्याकाळी जो माणूस दोन-दोन तास एका चालीचा विचार करत बसायचा, त्याला हा अडाणी म्हणत होता.

मी उठून उभी राहिले. "स्पर्धेत मी माझा डाव जिंकले, तर हा शब्द परत घ्यायचा. इथेच. या सगळ्यांसमोर."

"जिंकलात तर," तो म्हणाला. "आता बसा. पहिली चाल."

मी बसले. इतर कुठल्या कारणासाठी बसले नसते.

दीड महिना त्याने मला एकच गोष्ट शिकवली. इटालियन ओपनिंग. फार जुनी पद्धत आहे म्हणे डाव सुरू करायची, शेकडो वर्षं लोक तशीच खेळतात. मोहरे मधल्या मैदानावर आणायचे, उंटाची नजर समोरच्या राजाकडे लावायची. "सगळ्या संघांचे मास्तर हेच शिकवणार," तो म्हणायचा, "त्यांना दुसरं येत नाही. तुम्ही सहा चाली पाठ करा, पुढे मोहरे मारामारी करून संपवा आणि बरोबरी करा. जिंकायचं आम्ही दोघे बघू."

"मला जिंकायचंय."

"तुम्हाला पाठ करायचंय."

काळ्या मोहऱ्यांच्या सहा चाली मी पाढ्यासारख्या पाठ केल्या. प्यादं दोन घरं. घोडा. उंट. दुसरा घोडा. प्याद्याने प्यादं. उंट पुन्हा. भाकऱ्या थापताना तेच. सून म्हणायची, "आई, कुणाला मारताय?" मी म्हणायचे, "नाव घेत नाही."

तो कुठेही गाठायचा. भाजी बाजारात मी मेथीची जुडी निवडत होते, तर पलीकडच्या गाळ्यावरून गरजला, "बाई! चौथी?"

"दुसरा घोडा!" मी ओरडले.

"पाचवी?"

"प्याद्याने प्यादं!"

मेथीवाली माझ्याकडे बघतच राहिली. तिने मला जुडी पाच रुपयांनी स्वस्त दिली, बहुतेक दया येऊन.

सहाव्या चालीवरून आमचं मोठं वाजलं. ही 'उंट पुन्हा' म्हणजे उंट तिरका पुढे नेऊन थेट राजाला शह द्यायचा. पहिल्यांदा मी ती चाल केली आणि आपोआप तोंडातून निघालं, "शह!" त्याने टेबलावर हात आपटला.

"तोंड बंद. स्पर्धेत शह बोलत नाहीत. समोरच्याला देवाने डोळे दिलेत."

माझ्या वडिलांचं नेमकं उलटं. ते म्हणायचे, न बोलता दिलेला शह हा चोरीचा शह. आधी मोठ्याने सांग, मग हात काढ. मी त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "ते टपरीवर. इथे नाही." आणि माझ्याकडून ती चाल वीस वेळा करून घेतली, तोंड मिटून. एकविसाव्यांदा मी ओठ हलवले तरी त्याला दिसलं. शेवटी माझ्या डोक्यातून शह निघूनच गेला, नुसतं 'उंट पुन्हा' उरलं.

तुम्ही विचाराल, एवढं सगळं ऐकून का घेतलंस? मलाही कधी कधी वाटायचं, हा माझ्याशी असा वागतो ते मी विहाराच्या मागच्या गल्लीतली म्हणून की काय. पण तो सगळ्यांशीच तसा वागायचा, त्यामुळे हिशेब लागायचा नाही. चिटणीस भाऊ तर त्याच्या जातीतले, त्यांना तो 'रजिस्टर' म्हणायचा. फरक एवढाच होता की त्यांच्या घरी तो चहाला जायचा. आमच्या गल्लीत त्याने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

स्पर्धा वडगावला, एका मंगल कार्यालयात. आमची शेवटची लढत इंदुरीच्या संघाशी. माझ्यासमोर कोण येतंय म्हणून बघते तर नऊवारी नेसलेली, माझ्याच वयाची बाई. आधी चहाच्या रांगेत आमची गाठ पडली होती. तिने विचारलं होतं, "तुला कुनी शिकीवलं गं?" मी म्हटलं, वडिलांनी. ती म्हणाली, "मला सासऱ्यानं. लय खेळायचा. कांदं राखायला बसला की पट मांडायचा. हितं आमच्या मास्तरनं धा दिस नवं घोकून घेतलंय, पर डोक्यात जुनंच ऱ्हातंय बग." मी हसले. तिला आक्का म्हणायला लागले.

तिला पांढरे, मला काळे. आणि खरंच, त्याने सांगितलं होतं तसंच. आक्कालाही कुणीतरी हेच इटालियन घोकवून पाठवलं होतं. तिची एक, माझी एक, दोघी शाळेतल्या पोरींसारख्या कविता म्हणत होतो. माझी सहावी चाल झाली, उंट पुन्हा, तोंड मिटून. तिने काही न बोलता आपला उंट आडवा घातला. मारामारी झाली, मोहरे कमी झाले आणि पाठ संपला. इथून पुढे आमचं आम्ही.

बाजूच्या दोन पटांवर एक आम्ही जिंकलो होतो, एक ते. आमच्याकडून जिंकला तो हा ड्रायव्हरच. तो आता आक्काच्या मागे येऊन उभा राहिला. बोलायची मनाई होती, म्हणून नुसता उभा. निकाल माझ्या पटावर होता. मला बक्षिसाच्या ढालीचं काही नव्हतं, मला माझा शब्द हवा होता.

आक्का किल्लेकोट करायची विसरली होती. तिचा राजा मधल्या पट्टीतच राहिला होता आणि मी हत्ती आणि वजीर त्याच्यावर रोखले. दोन चालींत जड जाणार होतं तिला. तिने पाच मिनिटं पटाकडे पाहिलं, पदर सावरला, राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून कोपऱ्याजवळ नेऊन ठेवला.

खरं सांगते, मला काहीच खटकलं नाही. उलट मनात म्हटलं, वा आक्का, बरोबर वेळेला उडी काढलीस. मी पुढच्या चालीचा विचार करायला लागले. मान वर केली तर समोर तो. चेहरा लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले, आणि उजव्या हाताचं ते जाड बोट डाव्या तळव्यावर दाबून धरलेलं. इतकं दाबलेलं की बोटाचं पेर पांढरं पडलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मला गप्प बसता आलं असतं. पंचांचं लक्ष नव्हतं. डाव पुढे गेला असता, कुणास ठाऊक कोण जिंकलं असतं. पण शब्द एका हाताच्या अंतरावर होता. मी हात वर केला.

पंच म्हणून कुठल्याशा शाळेतले मास्तर आले होते. त्यांनी पट बघितला. "आजी, राजा असा जात नाही."

"आवं, न्हाई कसा?" आक्का म्हणाली. "एकदा जातोच की. माज्या सासऱ्यानं शिकीवलंय." आणि तिने माझ्याकडे पाहिलं, साक्षीदाराकडे बघतात तसं. "सांग की गं त्यास्नी. तुज्या बापानं बी शिकीवलं आसंल."

मी खाली बघून म्हटलं, "इथे नाही उडत, आक्का."

राजाला हात लागला होता, म्हणजे राजाच हलवायला हवा. त्याला सरकायला एकच घर होतं आणि तिथून पुढच्या वाटा माझ्या वजिराने अडवलेल्या. दोन चालींत मात. आक्का उठताना एवढंच म्हणाली, "मला वाटलं तू आमच्यातली."

दुसऱ्या दिवशी संघात पेढे. ढाल कपाटावर ठेवली, हार घातला. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "ड्रायव्हरसाहेब, शब्द."

त्याने पेढा संपवला, बोटं पुसली.

"बाई, तुम्ही जिंकलात कशामुळे? राजा उडत नाही यामुळे. आणि ते सांगितलं कुणी? मी तोंड उघडलं नाही. हात तुम्ही वर केलात. 'इथे नाही उडत' हे तुम्ही म्हणालात. आता मी काय परत घेऊ?"

कुणीतरी हसलं, बहुतेक चिटणीस भाऊ. मी पेढा तिथेच ठेवून घरी आले आणि पुन्हा संघात पाय ठेवला नाही. चिटणीस भाऊ दोनदा बोलवायला आले, तिसऱ्यांदा निरोप आला, 'साहेब विचारतात, दुसरं ओपनिंग शिकायचं का.' मी सांगितलं, त्यांना म्हणावं तुमच्या इंजिनाला शिकवा.

तीनेक महिने गेले. कडक उन्हाळा होता. दुपारी चारच्या सुमाराला दार वाजलं. उघडलं तर तो. आमच्या गल्लीत. शर्ट घामाने भिजलेला, काखेत ती वही. किती खंगला होता! गळ्याभोवती कॉलर सैल पडली होती. शेजारणी दारांत येऊन बघत होत्या.

"बाई, एक विचारायचंय."

"बोला."

आमच्या दाराच्या आतच खुर्ची असते. येणारा जाणारा कुणीही असो, मी आधी बसा म्हणते, पाणी आणते. त्या दिवशी मी खुर्ची आणि तो यांच्या मधे उभी राहिले.

"तो तुमचा खेळ. ती राजाची उडी. तिला काही अट असते का?"

"अडाणी खेळाला कसली अट?"

"चेष्टा नको. राजाला आधी शह बसून गेला असेल, तर उडी राहते की जाते?"

"तुम्हाला काय करायचंय?"

त्याने वही थोडी वर केली. "तो डाव लिहून ठेवलाय मी. रोज मांडतो. पुरा होत नाही."

"डाव झाला पुरा. तुम्हीच म्हणालात. ढाल आहे कपाटावर."

त्याने वही पुन्हा काखेत धरली. मग म्हणाला, "ठीक." आणि वळला. आमच्या पायऱ्या तीनच आहेत. त्या उतरायला त्याने भिंतीचा आधार घेतला. मी दार लावलं, आणि मोठ्याने लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लसूण सोलत बसले होते आणि डोक्यात त्याचं ते वाक्य फिरत होतं. मूर्ख प्रश्न. कुणालाही माहीत आहे, शह बसायच्या आतच राजाला उडी. एकदा शह बसला की उडी गेली, मग पायी चालायचं. वडिलांनी हे मला नट-बोल्टांवर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तसा आक्काच्या राजाला तर शह बसलाच नव्हता...

हातातला लसूण तसाच राहिला.

प्यादं दोन घरं. घोडा. उंट. दुसरा घोडा. प्याद्याने प्यादं. उंट पुन्हा.

उंट पुन्हा म्हणजे शह. मीच दिला होता. तोंड मिटून दिला होता, म्हणून मला तो शह वाटलाच नाही, आणि आक्काच्या कानावर आला नाही म्हणून तिलाही वाटला नाही. आम्ही दोघी कानाने खेळणाऱ्या. त्याच्या खेळात आक्काचा राजा उडत नव्हताच, पण माझ्या बापाच्या खेळातही त्या राजाची उडी कधीच गेली होती. मी हात वर केला तो दोन्ही खेळांत बरोबर होता. मी बापाला विकलं नव्हतं. तीन महिने मी तीच बोच उशाशी घेऊन झोपत होते.

मी इंदुरीला आक्काला फोन लावला. नंबर तिनेच चहाच्या रांगेत दिला होता. लावायचं धाडस तोवर झालं नव्हतं. सगळं सांगितलं. ती एकदम हसायला लागली.

"व्हय की गं! उंटाचा शह बसला व्हता. मी तर माजा उंट आडवा बी घातला! मग तू बोलली का न्हाईस, शह म्हून?"

"बोलू देत नव्हता तो."

"कोन, त्यो मागं हुबा हुता त्यो? बोट दाबत? मला वाटलं त्येला वात आलाय."

दोघी खूप हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही. कारण आता मला दुसरं दिसायला लागलं. ज्या खेळाला नियमच नाहीत म्हणत होता, त्या खेळाचा नियम विचारायला तो माणूस भर उन्हात आमच्या गल्लीत आला होता. रोज पट मांडून त्याला तो शह दिसला असणार. कुठेतरी त्याला शंका आली असणार की या खेळाला अट आहे. आणि अट आहे म्हणजे तो अडाणी कसा? मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं तर शब्द त्याला तिथेच, आमच्या उंबऱ्यावर, परत घ्यावा लागला असता. शेजारणी साक्षीला होत्याच.

तुम्हाला वाटेल, मग मी लगेच धावले. नाही. मी म्हटलं, थांबू दे त्याला. मला तीन महिने थांबवलंय, त्याने आठ दिवस थांबावं. हे मी लपवत नाही.

नवव्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून मी तुंगार्लीला त्याच्या घरी गेले. कुलूप. समोरच्या बंगल्याची राखण करणारी बाई म्हणाली, छातीत पाणी झालं होतं, मुलगा येऊन नागपूरला घेऊन गेला, परवाच. "बोलवत नव्हतं त्यांना," ती म्हणाली. पंधरवड्याने चिटणीस भाऊ सांगत आले, साहेब गेले म्हणून.

शोकसभेला मी गेले. संघाची तीच खोली. सगळे बोलले. शिस्तीचे होते, वेळेचे पक्के होते, स्पष्टवक्ते होते. त्याने ज्यांना ज्यांना फाडून खाल्लं होतं ते सगळे स्पष्टवक्ते म्हणत होते. मग चिटणीस भाऊ म्हणाले, "मावशी, तुम्ही त्यांच्या शिष्या. दोन शब्द बोला."

शिष्या! मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"ड्रायव्हरसाहेबांनी मला एक प्रश्न विचारला होता," मी म्हटलं. "त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय, ते देते. शह बसला की राजाची उडी जाते. मग त्याने चालतच जायचं."

एकदोघांनी माना डोलावल्या, एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. मी खाली बसले. चिटणीस भाऊंनी सभेच्या वहीत लिहिलं, ते मी नंतर वाचलं, 'मावशींनी मृत्यूविषयी मोलाचे विचार मांडले.'

विचार कसले, नियम सांगत होते मी. ऐकणारा नव्हता.

शब्द परत घ्यायला आला होता का तो? मला माहीत नाही. नुसता डाव पुरा करायलाही आला असेल, तसलाच माणूस होता. पण घ्यायला आला असेल, तर वहीबरोबर तो शब्दही तसाच काखेत धरून उतरला, त्या तीन पायऱ्या, भिंतीला हात लावून.